टर्बो गाडीची खटखट आणि झटके: सोलापुरातलं एक प्रकरण

गाडी एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन. मॅन्युअल गिअर, मीटरवर अठ्ठावन्न हजार. मालकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. महिना मे, आणि सोलापूरचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मालकांनी गाडी लावली आणि खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले: "मिस्त्री, तुळजापूरचा घाट लागला की इंजिन खटखट करतंय. पाय दाबावा तर उचलायच्या ऐवजी झटके द्यायलीय बघा."

चेक इंजिनचा दिवा बंद होता. स्कॅनर लावला तर साठवलेला एकही कोड नाही. आमच्याकडे येण्याआधी गाडीवर बरेच उपचार झाले होते. तिन्ही कॉइल नव्या, प्लग नवे, टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली, एसीत गॅस. शेवटी एकांनी टर्बोच गेलाय म्हणून सांगितलं आणि भलामोठा आकडा काढून दिला. त्या आकड्यामुळेच मालक दुसरीकडे विचारायला निघाले होते.

अशा गाडीला मी लगेच हात लावत नाही. आधी विचारपूस. कारण ग्राहक "पिकअप मारत नाही" या एका वाक्यात तीन-चार वेगळी दुखणी कोंबतो. गाडी जास्त करून मालकांचा पुतण्या चालवतो, म्हणून त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली.

"खटखट कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. पावसाळ्यात बंद झाली होती. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर गाडी एकदम मस्त. होळीनंतर परत सुरू."

"आणि झटके?"

तो थांबला. आठवून म्हणाला, "झटके प्लग बदलल्यावर सुरू झाले. त्याच्या आधी नुसती जड ओढायची."

"सकाळी थंड असताना झटके येतात?"

"येतात की. विजापूर रोडला ओव्हरटेक करताना पहाटे पण देते. खटखट मात्र पहाटे नाही."

अर्धं निदान इथेच झालं होतं. खटखट उन्हाला आणि चढाला बांधलेली, झटके ऊन असो नसो जोराच्या ओढीला बांधलेले. एक आधी आलं, दुसरं उपचारानंतर. जॉब कार्डवर मी दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. मालकांना ते पटलं नाही. गाडी एक, इंजिन एक, आवाज आणि झटका एकाच वेळी येतो, मग रोग दोन कसे? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, घाटात दोन्ही एकत्रच यायचं.

या खटखटीला नॉकिंग म्हणतात. ते काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचे आकडे कोरडे वाटतील. प्लगनं ठिणगी टाकली की ज्वाला तिथून पसरत जाते. पसरता पसरता ती पुढचं मिश्रण आणखी दाबते, आणखी तापवते. कडेला राहिलेलं मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच स्वतःहून पेटलं, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. तीच खटखट. पाच ते आठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातली ही थरथर ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकायला लागतो. यालाच टायमिंग मागं घेणं म्हणतात. ठिणगी उशिरा म्हणजे ताकद कमी. त्यामुळे नॉक होणारी गाडी जड ओढते, पण झटका देत नाही. ईसीयूचं मागं घेणं मऊ असतं, पायाला गाडी आळशी वाटते एवढंच. झटका हवा असेल तर एखादा स्फोट पूर्णच चुकावा लागतो, म्हणजे मिसिंग.

टर्बोला नॉकिंगचा धोका जास्त, कारण टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो आणि हवा दाबली की तापते. आपल्याकडच्या ४२ अंशांच्या हवेला टर्बोनं पावणेदोन पट दाबलं, की बाहेर पडताना ती १२० अंशांच्या आसपास जाते. ती थंड करायचं काम इंटरकूलरचं. हवा गरमच आत गेली तर कडेचं मिश्रण स्वतःहून पेटायला टेकलेलंच असतं.

आता एकेक संशय गाळत जायचं.

पहिला संशय सगळ्यांचा असतो तसा पेट्रोलवर. मालकांच्या चहाच्या कट्ट्यावर निकाल आधीच लागला होता: इथेनॉल. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला शिव्या घालण्याची गंमत वेगळीच. पण नॉकिंगपुरतं बोलायचं तर हे उलटं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, शंभराच्या वर, आणि बाष्प होताना ते उष्णता शोषून मिश्रण थंड करतं. म्हणजे नॉकिंगला ते विरोधच करतं. मायलेज थोडं पडतं, कारण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचा प्रश्न वेगळा. तरी खात्री केली. मोजनळीत ८० मिली पेट्रोल, त्यात २० मिली पाणी, हलवून ठेवलं. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर जितका वाढेल तितकं इथेनॉल. थर ३६ च्या जवळ थांबला. म्हणजे ८० मध्ये १६, वीस टक्के. पंपावर लिहिलंय तेवढंच. टाकीच्या तळातून काढलेल्या नमुन्यात सुटं पाणीही नव्हतं.

पुतण्या म्हणाला, प्रीमियम पेट्रोल टाकलं की आवाज कमी होतो. होणारच. ऑक्टेन वाढवला की नॉकिंग दबतं, कारण काहीही असो. ही चाचणी फार लोक निदान समजून करतात. गाडीच्या पुस्तकात किमान ९१ ऑक्टेन लिहिलंय आणि आधीचे दोन उन्हाळे गाडी त्याच पेट्रोलवर गुमान चालली. महाग पेट्रोलनं बरं वाटतंय याचा अर्थ साधं पेट्रोल खराब आहे असा होत नाही.

आवाज खरा नॉकिंगचाच आहे ना, हेही बघावं लागतं. टर्बोवरचं आणि कॅटॅलिटिकवरचं पत्र्याचं कवच सुटलं की अगदी अशीच खटखट येते. वाईट म्हणजे नॉक सेन्सरही फसतो आणि विनाकारण टायमिंग मागं घेतो. इंजिन थंड असताना रबरी हातोडीनं सगळी कवचं ठोकून पाहिली, घट्ट होती. नॉक सेन्सरचा बोल्ट टॉर्क रेंचनं तपासला, बरोबर होता. तो जास्त आवळला तरी सेन्सर बहिरा होतो.

इंजिनाचं तेल बघितलं. कमी आरपीएमला एकदम मोठा दाब मागितला की टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा एक प्रकार होतो, त्यात तेलाचा वाटा असतो. म्हणून एपीआय या तेलांचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेनं मे २०२० मध्ये आणलेल्या एसपी दर्जात त्याची चाचणी घातली आहे. पण त्याचा आवाज सलग खटखटीचा नसतो, एखादा जबर ठोका पडतो आणि पिस्टन तुटायलाही तेवढा पुरतो. इथे खटखट सलग होती आणि बिलावर तेल एसपीच होतं. पुढे गेलो.

घाटात

खरी तपासणी रस्त्यावरच. गॅरेजात उभ्या गाडीला टर्बोचा दाब येत नाही, तिथे नुसते आकडे बघून काही कळत नाही. निघण्याआधी चावी चालू, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचा, दाब पाहिला: ९५ किलोपास्कल. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथे समुद्रकाठचा १०१ दिसला तर सेन्सरवर संशय घ्यावा. ९५ बरोबर. इंटरकूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपवर थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजायच्या, तारा टेपनं चिकटवून केबिनमध्ये घेतल्या. चकचकीत अॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड बंदूक खोटं बोलते, त्यामुळे तारच बरी.

दुपारी तीनची वेळ मुद्दाम निवडली. रूपाभवानीच्या पुढे रस्ता मोकळा झाला, तामलवाडीपर्यंत सपाटीवर सगळं ठीक. पुतण्या चालवत होता, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन. घाट लागला, चौथा गिअर, दोन हजार आरपीएम, एसी चालू. खटखट आलीच.

तिन्ही सिलिंडरचं टायमिंग मागं सरकत होतं, आठ ते नऊ अंश, आणि तिन्ही जवळपास सारखं. ही खूण फार कामाची. एकच सिलिंडर मागं गेला तर त्याचा इंजेक्टर, त्याचा प्लग, त्याच्यातला कार्बन बघायचा. तिन्ही एकदम गेले तर कारण तिघांना मिळून असलेलं: इंधन, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान किंवा हवा. इंधन मघाशीच बाजूला झालं होतं. पाणी १०१ अंश, चढावर चालतं. फॅन मात्र सतत मोठ्या वेगानं फिरत होता, ते लिहून ठेवलं. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मापात करतो ती दुरुस्ती, अधिक दोन-तीन टक्के, म्हणजे मिश्रण पातळ नाही. पेट्रोलच्या हाय प्रेशर पंपाची मागणी आणि प्रत्यक्ष दाब एकमेकांना धरून. टर्बोचा दाबही मागितला तितकाच, १६८ किलोपास्कलच्या आसपास. टर्बो गेलाय म्हणणाऱ्याचं म्हणणं इथे निकालात निघालं: गेलेला टर्बो मागितलेला दाब देत नाही.

राहिली हवा. एअर फिल्टरजवळचा सेन्सर ४६ दाखवत होता, मॅनिफोल्डमधला ८४. थर्मोकपलवर इंटरकूलरच्या आत जाताना १२१ आणि बाहेर येताना ८६, बाहेरची हवा ४२. म्हणजे उतरवता येण्यासारखे ७९ अंश होते, त्यातले इंटरकूलरनं ३५ उतरवले. निम्मंसुद्धा नाही. चालत्या गाडीत चांगला इंटरकूलर सत्तर टक्क्यांच्या पुढे असतो.

त्याच चढावर झटकेही आले. त्या वेळी मिसफायरचा, म्हणजे मिसिंग मोजणारा, काउंटर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरवर वाढत होता, आणि तोही मॅनिफोल्डचा दाब १५० च्या वर गेल्यावरच. झटका येतानाच्या क्षणी टायमिंगमध्ये वेगळी काही हालचाल नव्हती. जॉब कार्डवरच्या दोन ओळी लॅपटॉपवरही दोनच राहिल्या. लेकरू पाय काढ म्हणालो आणि वर तुळजापूरला पोचून चहा घेतला. नॉक होणाऱ्या इंजिनाला घाटभर पिळून आकडे गोळा करणं म्हणजे पिस्टनच्या जिवावर अभ्यास.

आधी प्लग

परत आल्यावर ठरवलं, एका वेळी एकच काम करायचं. मालक म्हणाले दोन्ही उरकून टाका. उरकली असती तर गाडी बरी झाली असती, पण कशानं काय बरं झालं ते कळलं नसतं, आणि उद्या त्यातलं एखादं उलटलं तर परत शून्यापासून.

प्लग काढले. नवे कोरे, चांगल्या कंपनीचे, अस्सल. फक्त या इंजिनाचे नव्हते. याच कंपनीच्या बिनटर्बो गाडीचे होते. आटे सारखे, लांबी सारखी, छान बसतात. फीलर गेज घातला तर गॅप, म्हणजे ठिणगी उडी मारते ती फट, १.१ मिलिमीटर. या इंजिनाला ०.७ लागतो. टर्बोच्या दाबाखाली मिश्रण दाट होतं आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठा असेल तर कॉइल कितीही नवी असो, ठिणगी कधी पडते, कधी पडत नाही. हलक्या पायानं शहरात फिरताना काहीच कळत नाही, सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत गाडी रेशमासारखी. जोर मागितला की मिसिंग.

शिवाय हे प्लग एक पायरी 'गरम' जातीचे होते, म्हणजे चालताना जास्त तापलेले राहणारे. प्लगची हीट रेंज क्रमांकावरून कळते, पण तिथे जपून: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं. काउंटरवरच्या पोराला "याच नंबरच्या जवळचा दे" म्हणून आणलेला प्लग असा घोटाळा करतो. खटखट घालवायला बसवलेल्या प्लगनं खटखटीलाही थोडा हातभारच लावला होता.

चिनी मातीच्या पांढऱ्या नाकावर भिंगातून काळे बारीक ठिपके दिसत होते, मिरीपूड भुरभुरल्यासारखे. नॉकिंग झाल्याची ही जुनी खूण. चकाकणारे अॅल्युमिनियमचे कण मात्र नव्हते. ते दिसले असते तर पिस्टन वितळायला लागलाय असं समजून इंजिन उघडायची तयारी करावी लागली असती. बोअरस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, घालून तिन्ही पिस्टनचे माथे पाहिले, कडा शाबूत, कार्बन किलोमीटरच्या मानानं साधारण.

पुस्तकातल्या क्रमांकाचे प्लग आणून, इंजिन थंड असताना टॉर्क रेंचनं बसवले. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच घाट. मिसफायरचा काउंटर शून्यावर, झटके बंद. खटखट कमी झाली पण होती, टायमिंग सात अंश मागं. मॅनिफोल्ड ८५. मालकांचा चेहरा पडला. माझं काम मात्र सोपं झालं होतं.

बंपरच्या मागे

समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ. गाडी नियमानं वॉशिंग सेंटरला जाते, समोरून प्रेशर मारून धुतली जाते, किडे-धूळ काही नाही. या गाडीत सर्वांत पुढे खाली इंटरकूलर, त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर. बंपर उतरवला, इंटरकूलरच्या मागच्या फटीत एलईडी बॅटरी सरकवली आणि समोरून पाहिलं. चांगल्या जाळीतून उजेड चाळणीसारखा झिरपतो. इथे वरचा दोन बोटांचा पट्टा सोडला तर काळोख.

इंटरकूलर सुटा करून काढला तेव्हा कंडेन्सरच्या बाजूनं एक थर निघाला, सोलून काढावा असा. रुवा. कारखान्यातल्या मागांवरून उडणारे सुताचे तंतू, धुळीनं आणि पाण्यानं बसून घट्ट झालेले. वरून करडा दिसणारा तो थर फाडला तर आत लाल, हिरवे, निळे धागे, कुठल्या महिन्यात कुठल्या रंगाचा माल चालू होता ते ओळखू यावं इतके ताजे. मालकांनी तो हातात घेतला, बोटांनी चुरगाळला आणि हसले. "आमचाच माल की हो."

गाडी शेडच्या एक्झॉस्ट फॅनच्या बाजूला लागायची. संध्याकाळी मालक निघायचे तेव्हा एसी लावून पाचेक मिनिटं गाडी थंड करायला उभी ठेवायचे, त्या वेळात रेडिएटरचा फॅन समोरची हवा ओढायचा आणि हवेबरोबर रुवा. मग वॉशिंग सेंटरचं प्रेशर तो आणखी आत ठोकायचं. पुढचा चेहरा स्वच्छ, मागे घट्ट. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बाहेरची हवाच थंड असल्यामुळे अर्धा इंटरकूलरही भागवून न्यायचा. उन्हाळ्यात नाही.

एसीचं कोडंही इथंच सुटलं. थर कंडेन्सरच्या तोंडावरही होता, म्हणून दुपारी थांबलेल्या गाडीत एसी गार करत नव्हता आणि फॅन दम न घेता फिरत होता. भरलेला गॅस वाया गेला असं म्हणत नाही, पण गॅस कमी नव्हताच.

साफसफाईला वेळ लागला, कारण ते हातानंच करायचं काम. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबावर, मागून पुढे. मग फोम, मऊ ब्रश, बागेच्या नळीचं साधं पाणी, तेही मागूनच. प्रेशर गन लावली असती तर पातळ पाती लोळली असती. काही आधीच लोळली होती, ती फिन कोंबनं सरळ केली. आतून पाइपात तेलाचा पातळ थर होता, टर्बो गाडीत असतो तेवढाच. तो पुसून, क्लॅम्प तपासून सगळं बसवलं. ईसीयूनं शिकून ठेवलेली नॉकची सुधारणा स्कॅनरनं पुसली आणि पुतण्याला साधं पेट्रोल भरून थोडी चालवून आणायला सांगितलं, म्हणजे ती नव्यानं शिकेल.

नंतरची चाचणी त्याच वेळेला, त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये, एसी चालू ठेवून. संध्याकाळी गार वाऱ्यात चाचणी घेऊन गाडी झाली म्हणून सांगणं फार सोपं असतं. बाहेर ४२, इंटरकूलरच्या आत ११८, बाहेर ५९. उतरवण्यासारखे ७६, उतरवले ५९. मॅनिफोल्ड साठच्या आसपास. टायमिंग एखाद-दोन अंश मागं जाऊन परत येत होतं, साध्या पेट्रोलवर भर उन्हात टर्बो इंजिन तेवढं करतंच. खटखट नाही. वरच्या वळणावर उसाचा रिकामा ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे आला, पुतण्यानं तिसरा टाकून पाय दाबला आणि गाडी सरळ पुढे निघाली.

बिलात तीन प्लग, मजुरी आणि फोमचा डबा. जुन्या तीन कॉइल मालकांनी डिकीतच ठेवल्या होत्या. तपासून दिल्या, तिन्ही चांगल्या. स्पेअर म्हणून ठेवा म्हणालो. ग्रिलच्या मागे बारीक मच्छरजाळी बसवू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हणून सांगितलं, जाळी रुवा धरेल आणि हवा आणखी अडवेल. त्याऐवजी गाडी एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला लावायची, वॉशिंग सेंटरला समोरून प्रेशर मारू द्यायचं नाही आणि दर होळीच्या सुमाराला बंपर उतरवून मागून बॅटरी लावून बघायचं. तेवढं जॉब कार्डवर तारखेसकट लिहून दिलं.